गुणांचे माप आणि न्यायाचे माप



वाण्याचे वजन खोटे निघाले तर आपण तक्रार करतो. परीक्षकाच्या हाती मात्र पुष्कळदा ठरलेले वजनच नसते. तरीही त्याने केलेले माप आपण मुकाट्याने मानतो.

१९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शिक्षकांकडे धाडल्या. शंभरपैकी कोणी ६४ गुण दिले, कोणी ९८! गणितात असे होणार नाही, असे कोणी म्हणेल. पण पुढच्याच वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेत तफावत आणखी वाढली. ते शिक्षक अप्रामाणिक नव्हते. प्रत्येकाचे माप त्याच्या मनात होते, आणि मने वेगवेगळी होती.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या धर्तीवर निघाले. शिकवावे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यावी विद्यापीठाने, अशी ती वाटणी. परीक्षार्थी कोणाचा कोण हे परीक्षकाला ठाऊक नसावे, हा तिच्यातील न्याय. पण त्यामुळे शिकवणारा आणि तपासणारा यांची ताटातूट झाली. एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची, असे राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली म्हटले ते उगाच नव्हे. पुढे अंतर्गत गुण आले. त्यांत वर्षभराचे काम मोजले जाते खरे. पण तेथे ओळखदेख आणि मर्जी शिरायला वाट मिळते.

मग करावे काय? आम्हां शिक्षकांना तीन गोष्टी आजच करता येतील. कशाला किती गुण, हे परीक्षेपूर्वी लिहून विद्यार्थ्यांना सांगावे. तपासताना नाव झाकावे, आणि एक प्रश्न सर्वांचा तपासून मगच दुसऱ्याला हात घालावा. दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण दिसू देऊ नयेत.

आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. ती पाहण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे. पण हक्क म्हणून अर्ज करून मिळवणे वेगळे, आणि शिकण्याचा भाग म्हणून गुरूने समोर बसवून दाखवणे वेगळे. खेड्यातून आलेल्या, घरात प्रथमच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला ३४ गुण पडले, एवढेच कळून काय उपयोग? कोठे चुकले हे कळले, तर तो पुन्हा उभा राहील. न कळले, तर आपल्याला बुद्धीच नाही असे समजून घरी परतेल.

नापास होण्याचे दुःख माणूस सोसतो. का नापास झालो हे न कळण्याचे सोसवत नाही. ते कारण सांगणे हे आमचे कर्तव्य आहे.