परवान्याची परीक्षा आणि प्रश्नसंचाची निवड

मुरबाड-शहापूरसारख्या तालुक्यातल्या घरातून मुलगा किंवा मुलगी डॉक्टरकी शिकायला रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानला जाते, तेव्हा घराने बहुधा कर्ज काढलेले असते. पदवी मिळाली तरी तेवढ्यावर इथे रोगी तपासता येत नाही. 2002 च्या नियमांनुसार एफएमजीई ही चाळणी परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. बहुपर्यायी प्रश्न 300, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि 150 उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. ऐकायला हे सोपे वाटते. तरी जून 2023 च्या परीक्षेत जेमतेम दहा टक्के उमेदवार पार पडले. याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी विद्यार्थ्याच्या हातात नसतात. सरावासाठी कोणता प्रश्नसंच घ्यायचा, हा निर्णय मात्र त्याचाच असतो. संचात प्रश्न किती, यापेक्षा प्रत्येक उत्तरामागे स्पष्टीकरण कसे दिले आहे हे पाहून तो निर्णय करावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

प्रश्न सोडवणे म्हणजे वाचून झालेल्या अभ्यासाची फक्त तपासणी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रश्न सोडवताना अभ्यासच होत असतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तो तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. उत्तराकडे न पाहता डोक्याला ताण दिला की ज्ञान टिकते. म्हणूनच पुस्तक संपल्यावर प्रश्नांना हात घालू, हा बेत चुकीचा ठरतो. एक विषय झाला की त्याचे प्रश्न लगेच सुरू करावेत.

आता बाजारात सर्वांत जास्त खपणारा माल पाहू: मागील परीक्षेचे 'रिकॉल' प्रश्न. परीक्षा मंडळ एफएमजीईची प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही, आणि प्रश्न बाहेर फोडणार नाही असे उमेदवाराकडून मान्य करून घेतलेले असते. म्हणजे हे प्रश्न कोणीतरी परीक्षेतून बाहेर आल्यावर आठवून सांगितलेले असतात. पर्याय बदललेले, रोग्याचे वय किंवा एखादी तपासणी गळालेली, आणि उत्तर बहुमताने ठरवलेले. 'पण विषय तर पुन्हा तेच येतात ना?' असे कोणी विचारील. येतात, हे खरे. त्या यादीवरून कोणत्या विषयाला वजन आहे याचा अंदाज जरूर घ्यावा. उत्तर मात्र तिच्यावरून पाठ करू नये. विषय तोच राहिला तरी प्रश्नातला रोगी बदलतो.

एक प्रश्न जवळून पाहू. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला तरुण पहाटे पोटदुखीने उठतो. थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अंगावर दंशाची खूण नाही. काचेच्या नळीत ठेवलेले रक्त वीस मिनिटांत गोठते. निदान काय? उत्तर आहे मण्यार. नुसते एवढेच छापणारा संच विद्यार्थ्याला एक गुण मिळवून देईल. चांगला संच पुढे सांगतो: रक्त गोठले, म्हणून घोणस किंवा फुरसे असण्याचा संभव कमी; मण्यारीचा दंश बारीक असतो, खूण न दिसणे हे तिचेच लक्षण; लक्षणांवरूनच प्रतिसर्पविष द्यायचे आणि कृत्रिम श्वासाची तयारी ठेवायची; आणि नागाच्या दंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिन इथे फारसे का चालत नाही. चुकीचा प्रत्येक पर्याय का चुकीचा, हे कळले की त्या एका प्रश्नातून चार प्रश्नांची तयारी होते. संच विकत घेण्यापूर्वी त्यातले दहा प्रश्न काढून ही कसोटी लावावी.

दुसरी कसोटी आपल्या देशाची आणि आजच्या नियमांची. अमेरिकेच्या परवाना परीक्षेसाठी बनवलेल्या प्रश्नपेढ्यांची स्पष्टीकरणे उत्तम असतात, पण आपल्याकडे 300 पैकी 30 प्रश्न पीएसएमचे, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे असतात. आपले लसीकरणाचे वेळापत्रक आणि राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम त्या प्रश्नपेढ्यांत मिळणार नाहीत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडले. असे ज्ञान आपल्याच संचात शोधावे लागते. जुना संच स्वस्तात मिळाला तरी जपून वापरावा. 2017 पूर्वीच्या पुस्तकात क्षयाची औषधे आठवड्यातून तीन दिवस देण्याची पद्धत सापडेल. आता ती रोज देतात. तिथे पाठ केलेले उत्तर चुकीचे ठरते.

'जितके प्रश्न जास्त, तितका सराव जास्त', असाही युक्तिवाद होतो. सराव हवाच; पण तीन संच अर्धवट सोडवणाऱ्याला आपण नेमके कुठे चुकतो हे कळत नाही. एकच संच पुरा करावा, चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवावी, आणि आठवड्याने, मग महिन्याने तेवढेच प्रश्न पुन्हा सोडवावेत. शेवटच्या टप्प्यात घड्याळ लावून 150 मिनिटांत 150 प्रश्न एका बैठकीत करावेत. राहिला पैशाचा आणि नेटवर्कचा प्रश्न, आणि तो खरा आहे. ज्या गावात व्हिडिओ अडखळतो तिथे महागडे वर्षभराचे पॅकेज घेऊन उपयोग नाही. छापील संच, किंवा एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालणारा संच तिथे अधिक कामाचा. मित्राशी रोज संध्याकाळी वीस प्रश्नांवर चर्चा करावी. तिला खर्चही नाही.

पालकांनाही विनंती आहे. मुलाने किती हजार प्रश्न सोडवले हे विचारू नका. आज चुकलेला एक प्रश्न समजावून सांग, असे म्हणा. तुम्हाला वैद्यक कळत नसले तरी तो अडखळतो की सरळ सांगतो हे कळेलच. हीच मुले उद्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला असतील. समोरच्या रोग्याच्या लक्षणांपुढे पर्याय छापलेले नसतील, आणि तेव्हा कारणासकट शिकलेलेच कामी येईल.