खरं बोलायची किंमत कोणी मोजली?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘प्रसारमाध्यमं आणि बाई’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

‘जुने रिॲलिटी शो आज पाहताना काय वाटतं?’ असा विषय संयोजक मैत्रिणींनी मला दिला. असे कार्यक्रम खूप झाले. मी आज एकाबद्दलच बोलणार आहे, ‘सच का सामना’बद्दल. कारण त्यात जे चालायचं, ते वरवर पाहिलं तर आपल्या रोजच्या कामासारखंच होतं. एक बाई खुर्चीवर बसते, समोरचं माणूस तिला तिच्या संसाराबद्दल विचारतं, आणि ती बोलते.

तरुण मैत्रिणींसाठी थोडं सांगते. हा कार्यक्रम जुलै २००९ मध्ये स्टार प्लसवर सुरू झाला. अशा प्रकारचा कार्यक्रम २००७ मध्ये कोलंबियात आणि २००८ मध्ये अमेरिकेत दाखवला गेला होता. आपल्याकडे राजीव खंडेलवाल प्रश्न विचारायचे. आधी बंद खोलीत, अंगाला यंत्र लावून बरेच प्रश्न विचारून घ्यायचे. मग त्यातले एकवीस प्रश्न स्टुडिओत, सगळ्यांसमोर. यंत्राने काय निकाल दिलाय हे खुर्चीवरच्या माणसाला ठाऊक नसायचं. उत्तर यंत्राशी जुळत गेलं तर बक्षीस वाढत जायचं, एक कोटी रुपयांपर्यंत. नाही जुळलं की खेळ संपला. आणि हे सगळं होत असताना समोर कोण बसलेलं असायचं? घरचे लोक.

पहिल्याच भागात एक विवाहित शिक्षिका आली होती. तिचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं. मी ते घेणार नाही, का ते पुढे कळेल. तिला विचारलं गेलं, नवऱ्याला कधीच कळणार नसेल तर तुम्ही दुसऱ्या पुरुषाबरोबर झोपाल का? नवरा समोर बसलेला. ती म्हणाली, नाही. यंत्राचा निकाल आला, हे उत्तर खोटं आहे.

मी तेव्हा कॉलेजात होते. आई, काकू आणि मी, तिघी टीव्हीसमोर बसलो होतो. काकू पटकन म्हणाली, “हिला कोणी सांगितलं होतं जायला?” आई म्हणाली, “आता घरी गेल्यावर काय होईल गं हिचं?” आणि मी, जी स्वतःला सुधारलेली समजत होते, मी विचार करत होते की ही खरंच खोटं बोलली का. म्हणजे मीसुद्धा त्या बाईची परीक्षाच घेत होते. आज वाटतं, तिघींमध्ये आईचा प्रश्न तेवढा बरोबर होता. पण तो आम्ही कोणीच पुढे नेला नाही. जाहिराती लागल्या आणि आई भाजी निवडायला घेऊन बसली.

गेल्या वर्षी वस्तीतल्या किशोरींच्या गटात हा विषय परत निघाला. एका मुलीने मोबाइलवर त्या कार्यक्रमाचा तुकडा पाहिला होता. तिने मला विचारलं, “ताई, पण नवऱ्याला तिथे बसवलंच कशाला?” सतरा वर्षांची मुलगी. तिला बाई खरी की खोटी हा प्रश्नच पडला नाही. तिने थेट खुर्च्या कोणी मांडल्या ते विचारलं. मैत्रिणींनो, काळ बदलला म्हणतात तो असा बदललेला मला दिसला.

आता आपली समुपदेशनाची खोली डोळ्यांसमोर आणा. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, पाण्याचा तांब्या. बाई नवऱ्याला किंवा सासूला घेऊन आली तर आपण पहिलं काय करतो? बाईशी एकटीशी बोलतो. बरोबरच्यांना बाहेरच्या बाकावर बसवतो. तिला सांगतो की तू सांगशील ते इथेच राहील, जिवाला धोका दिसला तर काय करावं लागेल तेही सांगतो. नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस म्हणतो. हे नियम कुठून आले? बाईने खरं बोललं की त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते, या अनुभवातून आले. मार खाऊन परत आलेल्या बायकांनी आपल्याला हे शिकवलं.

त्या स्टुडिओत यातला एकेक नियम उलटा केलेला होता. नवरा बाहेर हवा, तो समोर. गुपित राहायला हवं, ते देशभर. उत्तर न देण्याची मोकळीक हवी, पण नवऱ्यासमोर अशा प्रश्नावर गप्प बसणं म्हणजेच उत्तर झालं की! आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथे मूठ उघडायचे एक कोटी लावले होते.

यावर एक उत्तर तेव्हाही दिलं गेलं आणि आजही देतात. ‘तिने सही केली होती. कोणी जबरदस्ती केली नव्हती.’ आपल्याकडे येणाऱ्या किती बायकांनी कशाकशावर सह्या केलेल्या असतात, ते आपल्याला माहीत आहे. हक्कसोड पत्रावर सही असते, कर्जाच्या कागदावर असते, समझोत्याच्या कागदावर असते. संमती म्हणजे नुसती सही नव्हे. पुढे काय होणार ते माहीत हवं. नाही म्हणता यायला हवं. आणि नाही म्हटल्यावर नुकसान होता कामा नये. शिवाय संमती किती दिवसांची, हाही प्रश्न आहे. २००९ मध्ये सही करणाऱ्या बाईला वाटलं असेल, एक रात्र लोक बघतील, चार दिवस बोलतील. ते तुकडे पुढे लोकांच्या खिशात फिरतील आणि जन्मलेलीही नसलेली मुलं ते बघतील, याला तिने कधी हो म्हटलं होतं?

आता त्या यंत्राबद्दल. त्याला आपण लाय डिटेक्टर म्हणतो, खोटं पकडणारं यंत्र. ते खोटं पकडत नाही. नाडी, रक्तदाब, श्वास आणि त्वचेवरचा घाम मोजतं. म्हणजे शरीराची घालमेल मोजतं. नवऱ्याबद्दल, शरीराबद्दल अनोळखी माणसांनी प्रश्न विचारल्यावर आपल्यापैकी कोणाची नाडी शांत राहील? भीतीनेही घाम येतो, शरमेनेही येतो, रागानेही येतो. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना कामगारांवर हे यंत्र लावायला बंदी केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की आरोपीवर त्याच्या मर्जीविरुद्ध ही चाचणी करता येणार नाही. तो तयार असला तरी त्याला वकील मिळाला पाहिजे आणि त्याची संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे. खुनाच्या आरोपीला एवढं संरक्षण. आणि बाईच्या चारित्र्याचा निकाल मात्र त्याच यंत्राने, जाहिरातींच्या मधल्या वेळात. सीतेला निदान अग्नीने निर्दोष ठरवलं होतं. इथे अग्नीच भेसळीचा होता.

तेव्हा विरोध झाला नाही का? झाला, मोठा झाला. जुलै २००९ मध्येच राज्यसभेत हा विषय निघाला. माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिनीला नोटीस काढली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने बंदी घालायला नकार दिला. पण विरोधाचा सूर काय होता, ते आठवा. भारतीय संस्कृती बिघडते. कुटुंबसंस्था मोडते. असल्या गोष्टी घरात बसून बघायच्या कशा? केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जो कार्यक्रमांचा कोड आहे, त्याची सुरुवातच सुरुची आणि सभ्यतेपासून होते. म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी. खुर्चीवरच्या बाईच्या पाठीची काळजी त्या गदारोळात ऐकू आली नाही.

आणि आपली अडचणही समजून घेतली पाहिजे. एका बाजूला संस्कृतिरक्षक, दुसऱ्या बाजूला बाईची लाज विकणारी वाहिनी. बाईने आपल्या इच्छेबद्दल मोकळं बोलूच नये, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभ्या राहू शकत नव्हतो. आपला मुद्दा तिसराच होता. बाईने बोलावं. पण कुठे, कोणासमोर, किती, हे तिने ठरवावं. आणि बोलल्यावर तिच्या पाठीशी कोणीतरी असावं.

हा मुद्दा जिवावरचा आहे हे तीन वर्षांनी पेरू देशात दिसलं. तिथे २०१२ मध्ये हाच खेळ सुरू झाला. पहिल्या भागात १९ वर्षांची एक मुलगी आली. आईवडील आणि मित्र समोर होते. तिने पैशासाठी शरीरविक्रय केल्याचं कबूल केलं. बक्षीस मिळालं १५,००० सोल, तिथल्या चलनात. दोन महिन्यांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये तिचा खून झाला. खून करणारा तोच, जो स्टुडिओत तिचा मित्र म्हणून बसला होता. त्या मुलीचंही नाव मी घेत नाही. आपल्या समुपदेशन केंद्रातली कोणतीही कार्यकर्ती हा धोका आधीच ओळखू शकली असती. तिला एकदा विचारायचं तरी होतं!

आता ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहा. तिथे नवराबायकोची भांडणं पडद्यावर सोडवणारा ‘द जेरेमी काईल शो’ अनेक वर्षं चालला. त्यातही हे यंत्र वापरायचे. २०१९ मध्ये यंत्राने खोटा ठरवलेल्या एका पुरुषाचा कार्यक्रमानंतर काही दिवसांत मृत्यू झाला आणि कार्यक्रम कायमचा बंद करण्यात आला. पुढे चौकशीत न्यायाधिकाऱ्यांनी सांगितलं की कार्यक्रम आणि मृत्यू यांचा थेट संबंध स्पष्टपणे जोडता येत नाही. पण तोवर प्रश्न ऐरणीवर आला होता. संसदेच्या समितीने निर्मात्यांना बोलावून यंत्राच्या अचूकतेबद्दल विचारलं, त्यांना धड सांगता आलं नाही. २०२१ पासून तिथल्या प्रसारण नियामकाचा नियम आहे की भाग घेणाऱ्याला संभाव्य धोके आधी सांगायचे आणि त्याच्या भल्याची योग्य ती काळजी घ्यायची. हाच तो आजचा मापदंड. आपल्या खोलीत तो केव्हापासून आहे.

इथेच थांबले असते तर बरं वाटलं असतं. वाहिन्या वाईट, आपण चांगल्या. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

नोकरीला लागले त्या वर्षी ८ मार्चच्या कार्यक्रमासाठी मी गटातल्या एका बाईला स्टेजवर बोलायला तयार केलं. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, तुमच्यामुळे दहा जणींना धीर येईल. ती बोलली. खूप छान बोलली. सगळ्या रडल्या, टाळ्या झाल्या, मी फोटो काढले. समोरच्या गर्दीत तिच्या दिराची बायको होती, हे मी विचारलंच नव्हतं. तिने घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यानंतर ती बाई गटात आली नाही. मी घरी गेले तर दारातूनच म्हणाली, “ताई, तुम्ही या, पण माझं नाव कुठे लिहू नका.” फोटो तोवर वार्षिक अहवालात छापून झाला होता.

मी यंत्र लावलं नव्हतं, बक्षीस ठेवलं नव्हतं. माझा हेतू चांगला होता. पण खुर्च्या मीच मांडल्या होत्या.

आपल्या चळवळीने हे एकदा फार नीट ओळखलं होतं. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं आणि त्यानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या. मौन सोडा, असं आपण म्हणालो. पण त्या लढ्यातून १९८३ चा जो कायदा आला, त्यात दोन गोष्टी आल्या. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवायचा आणि पीडित बाईचं नाव छापायचं नाही. म्हणजे बोलणं आणि आडोसा या दोन्ही गोष्टी बरोबरच आल्या. बाईला बोलतं करायचं असेल तर आधी आडोसा उभा करावा लागतो. रिॲलिटी शोने आपल्याकडून बोलणं तेवढं उचललं आणि आडोसा काढून टाकला. आणि कधी कधी, घाईत, आपणही तेच केलं.

म्हणून पुढच्या कार्यक्रमाआधी आपापल्या गटात चार प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. ही बाई बोलणार आहे ते तिला हवं आहे की आपल्याला? ऐकायला कोण कोण येणार, हे तिला माहीत आहे का? फोटो आणि चित्रीकरण पुढे कुठे जाणार आणि ते मागे घ्यायचं म्हटलं तर घेता येईल का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी कोण जाणार?

शेवटचा प्रश्न माझ्या आईचा आहे. तेव्हा टीव्हीसमोर तो आम्ही सोडून दिला होता. आता सोडू नये. मी बोलायची थांबते, आता तुम्ही बोला. आणि ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी बोलू नये, आम्ही विचारणार नाही.