दोन पेनं



रेडिओवर पेन दाखवता येत नाही, म्हणून आधी त्याचा आवाज ऐका. माइकजवळ धरतो. हे टोपण फिरतंय. एक, दोन, आणि हा अर्धा. अडीच वेढे. एका दहा वर्षांच्या मुलीने हे आटे हाताने पाडलेत. त्यातला एक जरा खरबरीत आहे, तुम्हाला ऐकू आला असेल.

मी मूळचा वर्ध्याचा. ग्लासगोत शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी सकाळी आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेतो. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला वर्गात पाटीपूजन केलं. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली, आणि त्या दिवशी मी मुलांना अकरा शाईची पेनं वाटली. सगळा उन्हाळा खपून, स्वतः लेथवर कातून केलेली. मनात म्हटलं, आता पोरं लिहितील.

दिवाळीनंतर विचारलं, पेनं कुठे आहेत? एकाचं बाबांच्या कपाटात, पासपोर्टांच्या शेजारी. एकीचं देवघरात. एकीच्या आईने सांगितलं, "काका, इतकं छान दिलंय तुम्ही, हरवलं तर? मोठी झाली की देईन तिला." अकरांपैकी दोनच पेनांत शाई भरलेली होती. बाकीच्यांची पूजा झाली आणि ती पूजेतच राहिली.

राग आला, खोटं कशाला सांगू. पण चूक माझीच होती. मी मुलांना पेन दिलं नव्हतं, माझी कारागिरी दिली होती. ती जपूनच ठेवणार ना!

म्हणून पुढच्या वर्षी ठरवलं, पेन ज्याचं त्याने करायचं. आणि एक नाही, दोन करायची. दुसरं कशाला, ते पुढे सांगतो.

इथे 'मेन्स शेड' नावाचा प्रकार तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. निवृत्त माणसं जमतात, सुतारकाम करतात, चहा पितात. मी लेथ शिकलो तो अशाच एका शेडमध्ये, क्लाइडकाठच्या गोदीत उमेदवारी केलेल्या एका आजोबांकडून. पहिले सहा महिने त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नव्हतं. पण हात कळत होते. लेथवर मुलांना उभं करत नाही. दांडीला भोक पाडणं, बाहेरून कातणं हे मीच करतो. बाकीचं मुलं करतात. हॅकसॉने दांडी कापायची, टॅप फिरवून आतले आटे पाडायचे, ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, नीब आणि जीभ बसवायची. आटे पाडताना अर्धा वेढा पुढे आणि पाव वेढा मागे, म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो. घाई केली की आटे गेलेच. पहिल्या वर्षी सात टोपणं वाया गेली. ती मी एका बरणीत ठेवलीत; नवीन मूल आलं की आधी ती बरणी हातात देतो.

दांडी एबोनाइटची. म्हणजे रबरच, पण त्यात वजनाच्या सुमारे 30 टक्के गंधक घालून बराच वेळ तापवलेलं, लाकडासारखं कडक झालेलं. घासायला लागलं की गंधकाचा वास सुटतो. मुलं नाकं धरतात आणि सडक्या अंड्याचं नाव घेतात. मला मात्र लक्ष्मीपूजनाची रात्र आठवते, फटाके संपल्यानंतरची.

आणि रबर म्हटलं की ग्लासगोत राहून चार्ल्स मॅकिंटॉश यांना विसरून कसं चालेल? जन्म इथलाच, 1766चा. गॅस कारखान्यात दगडी कोळशापासून गॅस काढताना डांबर उरायचं. त्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थात त्यांनी रबर विरघळवलं, दोन कापडांच्या मध्ये ते लेपलं आणि 1823 मध्ये पेटंट घेतलं. तोच आपला रेनकोट. या गावात तो नाही निघणार तर कुठे निघणार! पण ते सुरुवातीचे कोट थंडीत ताठ व्हायचे आणि उन्हात चिकटायचे. रबरात गंधक मिसळून तापवण्याची युक्ती पुढे सापडली तेव्हा तो त्रास गेला. थोडा गंधक घातला की लवचीक रबर, भरपूर घातला की एबोनाइट. मुलांना मी सांगतो, तुमचं जाकीट आणि तुमचं पेन चुलतभाऊ आहेत.

आता पेनातली खरी मजा. शाई खाली का येते? मुलं म्हणतात, गुरुत्वाकर्षणामुळे. मग शाई भरलेलं पेन उलटं धरलं तर सगळी का सांडत नाही? नीबेत एक चीर असते. नीबेखाली जी काळी पट्टी असते, जिला आम्ही लहानपणी जीभ म्हणायचो, तिच्यात केसाएवढ्या खाचा असतात. अरुंद जागेत शाई स्वतःहून शिरते आणि धरून राहते. कागदाला नीब टेकली की कागद ती ओढून घेतो. जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा त्याच जिभेतून आत यायला हवी. हवा आली नाही की पेन अडकतं. नुसतं झटकून काही होत नाही, भिंतीवर ठिपके मात्र पडतात.

या अरुंद नळीच्या गुणावर ग्लासगोच्याच एका मास्तरांनी एक लेखणी बनवली होती. केल्व्हिनग्रोव्ह पार्कात त्यांचा पुतळा आहे, तुम्ही त्याच्यासमोर पोरांचे फोटो काढले असतील. विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्व्हिन. 1846 मध्ये बाविसाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्रेपन्न वर्षं तिथेच शिकवलं. समुद्राच्या तळातून हजारो मैल आलेला तारेचा संदेश इतका क्षीण असायचा की त्याच्याने जड काटा हलत नसे. मग त्यांनी काचेची केसासारखी बारीक नळी घेतली, तिचं एक टोक शाईत आणि दुसरं सरकत्या कागदी पट्टीच्या अगदी जवळ, पण न टेकवता. टेकली असती तर घर्षणानेच ती थांबली असती. शाईला विजेचा भार दिला की तिचे बारीक थेंब कागदावर उडायचे आणि नागमोडी रेघ उमटायची. हे पेटंट 1867चं. त्याला सायफन रेकॉर्डर म्हणतात. समुद्री तारांवर तो कितीतरी वर्षं चालला.

मला त्याहून आवडते ती त्यांच्या वर्गाची गोष्ट. हाय स्ट्रीटवरच्या जुन्या कॉलेजात एक दारू ठेवायचं तळघर रिकामं पडलं होतं. ते त्यांनी मागून घेतलं आणि तिथे मुलांना प्रयोगाला लावलं. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने मोजमाप करायची भौतिकशास्त्राची अशी प्रयोगशाळा ब्रिटनमध्ये पहिलीच मानतात. आणि 1899 मध्ये निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून आपलं नाव नोंदवलं! हंटेरियन संग्रहालयात त्यांची उपकरणं मांडलेली आहेत, प्रवेश फुकट. पावसाळी रविवारी जाऊन या. म्हणजे कोणत्याही रविवारी.

पहिल्या हिवाळ्यात आमच्यावर डागांचं संकट आलं. आमची पेनं जुन्या पद्धतीची, ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायची. हॉल गारठलेला, पेनं पिशवीत थंड पडलेली. मुलं ती गरम मुठीत धरत. पाच मिनिटांत आतली हवा तापून फुगायची, शाईला ढकलायची आणि वहीवर टप्पकन थेंब. वर्ध्याला बाहेरच इतकं गरम की मुठीचा असा फरक पडत नसे, त्यामुळे मलाही हे उशिरा उमगलं. पेन अर्ध्याच्या खाली रिकामं झालं की हा त्रास फार होतो. तेव्हा आता नियम केलाय: थंडीत शाई भरून ठेवायची आणि लिहिण्याआधी पेन दोन मिनिटं खिशात ऊबेला. टीपकागद हा शब्द मुलांना कधी शिकवावा लागला नाही, थेंबांनीच शिकवला.

आता एका मुलाबद्दल सांगतो. त्याच्या घरच्यांना विचारून सांगतोय. नाव घेणार नाही.

हा मुलगा डावखुरा. पेन त्याने सगळ्यांत सुबक केलं होतं, पण लिहायला लागला की सगळं फरफटायचं. डावा हात ओल्या अक्षरांवरून सरकतो, हे एक. दुसरं म्हणजे शिरोरेषा. आपण ती डावीकडून उजवीकडे ओढतो. उजव्या हाताला ते ओढणं असतं, डाव्या हाताला ढकलणं. बॉलपेनला काही वाटत नाही, पण नीब ढकलली की कागदात रुतते. त्याने आपल्या आपण मार्ग काढला: शब्द लिहायचा आणि शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढायची. रेघ सरळ, स्वच्छ.

मी म्हटलं, "असं नाही काढत. डावीकडून." दुसऱ्या रविवारी परत म्हटलं. तिसऱ्या रविवारी सगळ्यांसमोर.

चौथ्या रविवारी तो आला नाही. पाचव्यालाही नाही. त्याच्या आईचा फोन आला, आवाज अवघडलेला. "काका, तो म्हणतो मला मराठी लिहिता येत नाही. बोलेन म्हणतो, लिहिणार नाही." मंडळी, या पोरांचं मराठी लिहिणं आठवड्यातून दीड तासाचं. ते एकदा हातातून सुटलं की परत यायला दुसरी जागा नाही. आणि ते सोडवलं होतं मी, एका आडव्या रेघेसाठी.

त्या रात्री मी त्याचं पेन डाव्या हातात धरून बसलो आणि माझं नाव लिहिलं. दोनदा कागद फाटला. तिसऱ्यांदा रेघ उजवीकडून ओढली. निघाली.

मग मी त्याच्या घरी गेलो. सॉरी म्हटलं, ते इंग्रजीत सोपं जातं म्हणून इंग्रजीतच. मग मराठीत म्हटलं, "चुकलं माझं." त्याची नीब बारीक पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यात फिरवून घेतली, डाव्या हाताच्या कलाला जुळेल अशी, आणि वही उजवीकडे तिरकी ठेवून पाहायला सांगितलं. पुढच्या रविवारी तो आला. बोलला काही नाही. लिहीत बसला.

आता दुसऱ्या पेनाचं. माझ्या गावाचं नाव या धंद्याशी जोडलेलं आहे, ते मला इथे येऊन कळलं. राजमहेंद्रीचे रत्नम नावाचे सोनारकाम करणारे कारागीर होते. स्वदेशी चळवळीच्या काळात त्यांनी हाताने फाउंटन पेन केलं आणि कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींना पाठवलं. कुमारप्पा त्या वेळी वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहत होते. 16 जुलै 1935 ला गांधीजींनी वर्ध्याहून रत्नमना पत्र लिहिलं: पेन वापरून पाहिलं, परदेशी पेनांना चांगला पर्याय वाटतो. मी शाळेत जाताना मगनवाडीवरून रोज जायचो आणि मला पत्ता नव्हता! त्या पत्रात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की गांधीजींनी पेन वापरून मग लिहिलं. कपाटात ठेवून आभार मानले नाहीत.

तेव्हा आमचा करार असा: एक पेन स्वतःला, दुसरं ज्याच्याकडून मराठीत पत्र हवंय त्याला. निबा आम्ही नागपूरहून मागवतो. तिथल्या कारखान्याचं नाव मात्र कानपूर रायटर्स. मुलं दरवेळी नकाशा काढून माझ्याशी भांडतात. पार्सलात पेन, मुलाचं पत्र, आणि कोरा कागद.

त्या मुलाने दुसरं पेन आजोबांना पाठवलं, अमरावतीला. पत्रात आपल्या शिरोरेषेची सगळी हकिगत लिहिली, माझ्यासकट. सात आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर इतकं वाकडंतिकडं की वर्गात वाचायला आम्हाला अर्धा तास लागला. आजोबांनी लिहिलं होतं की ते मूळचे डावखुरे. पहिलीत गुरुजींनी डाव्या हातावर छड्या मारून उजवा करवला. नातवाचं पत्र आलं, पेनही आलं, म्हणून साठ-बासष्ट वर्षांनी डाव्या हाताने लिहून पाहतोय, अक्षराला हसू नये.

हसलं कोणी नाही. फक्त एका मुलीने कागद उजेडाला धरून विचारलं, शिरोरेषा कुठून काढलीय ते कळतं का? कळतं. रेघ जिथे सुरू होते तिथे शाई जराशी जाड असते. उजवीकडून होती.

यंदाची पेनं ऑगस्टमध्ये सुरू करतोय, दसऱ्याला शाई भरायची. सुट्टीत भारतात जाणार असाल तर घरच्या कपाटातली जुनी मोडकी पेनं घेऊन या. एखादी नीब, एखादं टोपण उपयोगी पडतं. आणि विमानात पेन आणताना शाई एकतर काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण काढा. अर्धवट ठेवलंत तर खिसा निळा होईल. माझे दोन शर्ट त्यात गेलेत.