गुडघ्यातील सुटा तुकडा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. आयुष्यभर खडू हाती धरलेला मॅट्रिक शिक्षक. तथापि माझ्या गुडघ्याने मला जो धडा शिकविला, तो आपणांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी कळवा स्टेशनच्या जिन्यावर माझा उजवा गुडघा अकस्मात अडकला. तो ना सरळ होई, ना वाके. कठड्यास धरून पाय किंचित हलविताच तो मोकळा झाला. पुढे हे वारंवार घडू लागले. क्ष-किरण चित्र काढले, ते निर्दोष निघाले. घरच्यांनी 'वय झाले' म्हटले आणि मीही ते मान्य केले. पुढे एके दिवशी गुडघ्याच्या वरच्या अंगास एक गोटी बोटास लागली. दुसऱ्या दिवशी ती तेथे नव्हती. हे सांगताच डॉक्टरांनी निदानाची दिशाच बदलली.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. मार लागून वा झिजेमुळे तिचा कपचा सुटतो, कधी हाडासह. तो सांध्यातील द्रवात फिरतो, त्यातूनच पोषण मिळवून वाढूही शकतो. बिजागरीत खडा सापडला की दार अडते, तसाच गुडघा अडतो.

राँटजेन यांनी १८९५ साली शोधलेले क्ष-किरण हाडात अडतात, पण कूर्चेतून पार होतात. म्हणून निव्वळ कूर्चेचा तुकडा त्या चित्रात उमटत नाही. हाडाचा तुकडाही खाचेत लपलेला असेल तर समोरून व बाजूने घेतलेली चित्रे पुरत नाहीत. गुडघा वाकवूनही चित्र घ्यावे लागते. उलट कित्येकांच्या गुडघ्यामागे 'फॅबेला' नावाचे एक नैसर्गिक लहान हाड असते. त्यालाच सुटा तुकडा समजण्याची चूक होऊ शकते.

एमआरआय तपासणीत चुंबकशक्तीच्या साह्याने कूर्चाही दिसते, आणि तुकडा कोठून निखळला याचाही माग लागू शकतो. मात्र शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा असल्यास तो प्रथम सांगावा. अगदी लहान तुकडा या तपासणीसही चुकवू शकतो. तेव्हा दुर्बिणीने सांध्यात प्रत्यक्ष पाहावे लागते. तोकियोत ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात असे पाहिले होते. तुकडा जागा बदलतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी नव्याने चित्र घेणे हिताचे.

माझा तुकडा एमआरआयमध्ये दिसला आणि दुर्बिणीनेच काढला गेला. म्हणूनच आज मी आपणांपुढे उभा राहून बोलत आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या कळव्यात महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. दार इतके जवळ असूनही आपण, विशेषतः आपल्या घरांतील माताभगिनी, दुखणे अंगावर काढतो. अडकलेला पाय कोणाकडूनही हिसडून घेऊ नका. गुडघा केव्हा अडला, कसा सुटला, गोटी कोठे लागली, हे टिपून ठेवा आणि डॉक्टरांस सांगा. चित्र स्वच्छ आहे म्हणजे गुडघा निर्दोष आहे, असे समजू नका. यंत्र दाखवील ते दाखवील. रुग्णाने मात्र सांगायचे ते सांगितलेच पाहिजे.