हया : आधी नजर, मग पदर



समोर निवृत्त मंडळी बरीच दिसतात. दर नोव्हेंबरात आपण हयातीचा दाखला देता. आजचा विषय त्याच शब्दाच्या घरातला आहे. ‘हयात’ म्हणजे जीवन, ‘हया’ म्हणजे लाज, शालीनता. अरबीत दोन्ही शब्द एकाच धातूचे. चौदाव्या शतकातले दमास्कसचे विद्वान इब्न कय्यिम यांनी हे नातं धरूनच सांगितलं, की मन जितकं जिवंत, तितकी हया शाबूत.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, हयेला इमानाची, श्रद्धेची शाखा म्हटलं आहे. लाजेचा विषय निघाला, की आपलं बोट लगेच बाईच्या पदराकडे जातं. कुराणातला क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. चोविसाव्या सूरहचं, म्हणजे अध्यायाचं, नाव ‘नूर’. तिच्या तिसाव्या आयतीत पुरुषांना सांगितलं आहे, की नजर आवरा, शील जपा. स्त्रियांना हीच आज्ञा एकतिसाव्या आयतीत येते आणि ओढणीचा, पेहरावाचा विषय त्याच्याही पुढे. किती झाकावं यावर फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, पंडितांत मतभेद झाले. नजरेची आज्ञा दोघांना एकच आहे.

पैगंबरांच्या अखेरच्या हजमधला, सन 632 मधला एक प्रसंग बुखारींच्या हदीस-संग्रहात आहे. त्यांच्यामागे उंटावर त्यांचा तरुण चुलतभाऊ फज़ल बसला होता. खस्अम कबिल्याची एक स्त्री प्रश्न घेऊन आली. वडील थकलेत, वाहनावर बसवत नाही. त्यांच्या वतीनं मी हज करू का? फज़ल तिच्याकडे पाहतच राहिला. पैगंबरांनी हातानं त्याचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि तिला उत्तर दिलं, हो, कर. तिला कुणी मागे सारलं नाही. तिचा प्रश्न महत्त्वाचा होता; मान वळली ती पाहणाऱ्याची.

‘नूर’मध्येच दारांचेही नियम आहेत. परक्या घरात परवानगी आणि सलाम यांशिवाय शिरू नये. पहाटेच्या नमाजाआधी, दुपारच्या विश्रांतीला आणि रात्रीच्या नमाजानंतर घरातल्या मुलांनीही विचारूनच आत यावं. आणि कुणा स्त्रीच्या शीलावर आळ घेणाऱ्यानं चार साक्षीदार आणले नाहीत, तर 80 फटक्यांची शिक्षा त्यालाच. लोकांच्या भानगडी चघळणं हेदेखील हयेच्या विरुद्धच ठरतं.

सतराव्या सूरहमध्ये व्यभिचार करू नका, एवढ्यावर न थांबता त्याच्या जवळही फिरकू नका, असा इशारा आहे. इब्न कय्यिम यांनी ती वाट पायरीपायरीनं दाखवली: नजरेतून विचार, विचारातून वासना, वासनेतून निश्चय आणि शेवटी कृती. पहिल्या पायरीवर थांबणं सगळ्यांत सोपं. अश्लील चित्रफिती निषिद्ध मानताना आजचे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, याच तर्कानं बोलतात.

म्हणून काय या विषयावर बोलायचंच नाही? तसं नाही. मदिनेच्या अन्सारी स्त्रिया पाळी, स्नान, शुद्धी यांबद्दल पैगंबरांना थेट विचारत. लाज त्यांच्या ज्ञानाच्या आड आली नाही, म्हणून पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी त्यांचं कौतुक केलं आहे. ज्या घरात मुलांना शरीराबद्दल नीट सांगणारं कुणी नसतं, तिथे ते काम मोबाईल करतो, आणि वाईट करतो.

फज़लची मान वळवायला शेजारी पैगंबर होते. रात्री दाराला कडी लावून पडद्याकडे पाहणाऱ्या तरुणाशेजारी कुणी नसतं. मोबाईल ज्या हातात आहे, ते काम त्याच हातानं करावं लागतं.