कडी तपासणारे हात



‘ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षेवर काम करायचंय’ असं कुणी म्हटलं की आपल्यासमोर सिनेमातला हॅकर उभा राहतो. अंधारी खोली, हिरवी अक्षरं. पण तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी जे लिनक्स कर्नल आहे, त्याच्या सुरक्षेचं बरंचसं काम खिडक्यांच्या कड्या तपासण्यासारखं आहे. कंटाळवाणं आणि न संपणारं. म्हणूनच तिथे नवख्याला जागा आहे.

२०१५ पासून ‘कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रोजेक्ट’ हेच काम करतो. एकेक भोक बुजवत बसण्याऐवजी त्या जातीची भोकंच पडू नयेत, हा प्रयत्न. त्यांच्या कामांची यादी कुणालाही पाहता येते. नवख्यांनी त्यातलं एक काम बरंच केलंय. सी भाषेत मजकूर एका जागेतून दुसरीकडे उतरवणारं ‘स्ट्रएनकॉपी’ हे जुनं फंक्शन आहे. मजकूर लांब असेल तर ते शेवटचं शून्य टाकतच नाही. मग वाचणाऱ्या कोडला मजकूर कुठे संपला ते कळत नाही आणि तो शेजारच्या मेमरीत शिरतो. त्याजागी ‘स्ट्रएसकॉपी’ आलं. ते शून्य टाकतंच.

मग शोधा आणि बदला, झालं? नाही. जुनं फंक्शन उरलेली जागा शून्यांनी भरायचं, नवं भरत नाही. ती जागा पुढे जशीच्या तशी कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडे जाणार असेल, तर तिथे आधी पडलेली माहिती फुटू शकते. तिथे ‘पॅड’वालं तिसरं फंक्शन लागतं. म्हणजे एका ओळीच्या बदलासाठी आजूबाजूच्या दहा फाइली वाचायच्या आणि काय समजलं ते पॅचसोबत लिहायचं. माझ्या मते खरी परीक्षा त्या चार वाक्यांची असते.

पॅच साध्या मजकुराच्या ईमेलनं पाठवायचा. त्यात ‘साइन्ड-ऑफ-बाय’पुढे तुमचं नाव, निनावी पॅच घेत नाहीत. डिग्री कुणी मागत नाही.

पण तपासणी कडक असते, आणि तिला कारण आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानदारीनं काम करून, दमलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास कमावला होता. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. हे डेटाबेसवर काम करणारे, सुरक्षातज्ज्ञ नव्हेत. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तेव्हा तुमच्या पॅचवर कुणी दहा प्रश्न विचारले तर तो अपमान समजू नका.

पैशाचंही बोलू, कारण घरी तोच प्रश्न येतो. सुरुवातीला काही मिळत नाही. ‘आउटरीची’ मात्र तीन महिन्यांच्या कामाचे ७००० डॉलर देते, आणि तंत्रज्ञानात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो त्यांच्यासाठीच ती आहे. लिनक्स कर्नलनं तिच्यात भाग घेतलेला आहे. मुलींनी हे जरूर पाहावं.

गंभीर भोक सापडलं तर चारचौघांत टाकू नका. आधी कर्नलच्या सुरक्षा टीमला खासगीत कळवा. साध्या पॅचला उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबा, मग नम्रपणे आठवण करा. दुरुस्त्या सांगितल्या तर सुधारलेल्या पॅचवर ‘व्ही २’ लिहून तो पुन्हा पाठवा. ‘व्ही ७’पर्यंत गेलेले पॅचही मंजूर होतात.