गेममधला राग आणि मेंढ्याचा बांबू



संयोजक म्हणाले, "गेमवर बोला, पोट्टे ऐकतील." म्हणून तिथूनच सुरू करतो.

मे २०२० आठवा. कॅरीमिनाटीचा टिकटॉकवाल्यांवरचा व्हिडिओ यूट्यूबने काढला आणि त्याचे चाहते, त्यात गेम खेळणारी मुलं खूप, भडकले. प्ले स्टोअरवर टिकटॉकला एकेक तारा देत सुटले. चारच्या वरचं रेटिंग दीडच्या खाली आलं. मग गूगलने लाखो अभिप्राय पुसले, आकडा पुन्हा वर गेला. टिकटॉक बंद झालं ते २९ जूनला, गलवाननंतर, सरकारच्या आदेशाने. आणि गंमत पाहा, व्हिडिओ काढला यूट्यूबने, तारे कापले टिकटॉकचे!

बाहेरही हेच. २००९ मध्ये 'मॉडर्न वॉरफेअर २'वर बहिष्कार टाकायला स्टीमवर गट निघाला. मागणी रास्त होती, खेळाडूंना स्वतंत्र सर्व्हर हवे होते. गेम आला त्या दिवशी गटाची यादी उघडली, तर बहुतेकांच्या नावापुढे तोच गेम सुरू! मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो : कंपनीच्या पडद्यावर तुमचा राग दिसत नाही. किती जणांनी लॉगिन केलं, किती वेळ थांबले, किती पैसे टाकले, ते दिसतं.

त्याच २००९ साली आपल्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद मिळाला, पण गावाने तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वन खातं देईना. गावाने मागणी बदलली नाही : परवाना ग्रामसभाच देईल. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. या गावात आधी अभ्यासगट बसतो, कायदा वाचतो. मग सर्वसहमतीने ठरतं. वेळ लागतो, पण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असल्याने कुणी चौथ्या दिवशी गळत नाही.

आता आपलं. स्क्वाडमध्ये माइक चालू असतो, नाव इम्रान दिसलं की कुणीतरी म्हणतो, "पाकिस्तानला जा." आपण डीपी काळा करतो, स्टोरी टाकतो. चौथ्या दिवशी पुन्हा रँक पुश. (मुलींचा आवाज ऐकून आपले पोट्टे काय बोलतात, तेही याच वहीत लिहायचं बरं का.)

मला बहिष्कार नको, वही हवी. तारीख, वेळ, खेळाडूचा आयडी, रेकॉर्डिंग. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ७ दिवसांत तक्रार निकाली काढायची. समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

तीन जण पुरेत. एक नोंदी ठेवेल, एक तक्रार लिहील. आणि सातवा दिवस कोण मोजणार, ते नाव मला आज, चहाच्या आधी हवंय.